खुर्द की बुद्रुक

पाच महिने इंदापूर तालुक्यात एक गाव असं होतं, जे कायद्याने भारतातच नव्हतं. गावात देऊळ होतं, बुद्धविहार होता, चौथीपर्यंतची शाळा होती, उसाच्या मोळ्यांनी भरलेले ट्रॅक्टर रोज कारखान्याकडे जात होते, आणि तरीही एका वकिलाने लेखी युक्तिवाद करून ते गाव देशाबाहेर काढलं होतं. हे त्याला जमलं यात त्याच्या हुशारीचा वाटा होता तसाच माझ्या आळसाचाही होता. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. माझी पेन्शन कोणी थांबवणार नाही अशी खात्री झाल्यावर हे लिहायला घेतलं आहे.

मी मूळचा बारामती तालुक्यातल्या कऱ्हाटीचा. नोकरी महसूल खात्यात, आणि त्यातला मोठा काळ इंदापूरच्या तहसील कचेरीत रेकॉर्डकीपर म्हणून गेला. रेकॉर्डकीपर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शिंकणारा माणूस येतो. मी शिंकायचो हे खरं आहे. पण काम तेवढंच नव्हतं. तालुक्यातल्या प्रत्येक गावाचे जुने कागद कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या बांधलेल्या गठ्ठ्याला आम्ही रुमाल म्हणतो. लाल रुमालातले कागद कायमचे जपायचे, हिरव्यातले तीस वर्षं, पिवळ्यातले त्याहून कमी, आणि पांढऱ्या रुमालातले वर्षभरात नष्ट करायचे. कोणता कागद कोणत्या रुमालात जाणार हे एक कारकून ठरवतो, आणि तो कारकून त्या दिवशी घाईत असेल तर त्याची घाई पन्नास वर्षांनी भलत्याच माणसाला भोवते. बाहेरच्या लोकांना आमच्या कामातलं एवढं कळलं तरी पुरे.

गिऱ्हाइकं एकेक भेटायची. एकदा कॉलेजातले एक प्राध्यापक सातबाऱ्याचा उतारा माझ्या टेबलावर आपटून म्हणाले, "मी एम.ए. आहे. पंचवीस वर्षं शिकवतोय. आणि सरकार माझ्या नावापुढे 'अज्ञान' लिहितं?" ते लहान असताना वडील वारले होते. वारसनोंद करताना तलाठ्याने रीतीप्रमाणे 'अज्ञान' लिहिलं होतं. आमच्या भाषेत त्याचा अर्थ वयाने लहान. पुढे कोणी अर्ज केला नाही, म्हणून कागदावर सर लहानच राहिले. मी त्यांना म्हटलं, "सर, माणूस आपोआप मोठा होतो, सातबाऱ्यावर मात्र अर्ज करून व्हावं लागतं." ते हसले नाहीत. लासुर्ण्याकडचे एक म्हातारे दरवर्षी येऊन आपल्या आजोबांची सही असलेला एक कागद फक्त बघून जायचे. नक्कल कधीच मागितली नाही. घरात बोलायला कोणी नाही म्हणून येतात, असं एकदा म्हणाले.

पण मला सांगायचं आहे ते तरवडे खुर्दचं. गावांची आणि माणसांची नावं बदलून लिहितो, कारण त्यातली काही माणसं अजून आहेत आणि माझ्यावर रागही धरून आहेत.

तरवडे नावाची दोन गावं शेजारी शेजारी आहेत. मोठं ते बुद्रुक, धाकटं ते खुर्द. कागदावर 'बु.' आणि 'खु.' एवढंच लिहायची पद्धत. मध्ये एक ओढा. इंग्रजांच्या काळात ओढ्याच्या अलीकडचं बुद्रुक सरकारी मुलखात होतं आणि पलीकडचं खुर्द एका लहान संस्थानाचं होतं. संस्थानाची राजधानी पार नीरेपलीकडे, आणि हे एकच गाव अलीकडे अडकलेलं. अशी अडकलेली गावं आपल्याकडे बरीच होती. अठ्ठेचाळीस साली संस्थानं विलीन झाली, तसं खुर्दही आपल्या जिल्ह्यात आलं आणि त्याबद्दल कोणी पुन्हा विचार केला नाही.

नव्वदच्या दशकापर्यंत दोन्ही गावांची मिळून एकच ग्रामपंचायत होती, बुद्रुकच्या नावाने. तिचा कारभार रंगनाथतात्यांच्या घरात होता. तात्या राहायला खुर्दमध्ये, पण मळा, भावकी आणि वजन दोन्हीकडे. साखर कारखान्याच्या सभेत पहिल्या रांगेत बसायचे, आणि सरपंच कोणीही झाला तरी शिक्का तात्यांच्या कपाटात असायचा. मग खुर्दला स्वतंत्र ग्रामपंचायत मिळाली, आणि तिचा नवा शिक्काही तात्यांच्याच कपाटात गेला. त्याच सुमारास सरपंचपदाला बायकांचं आरक्षण नव्याने आलं होतं, आणि खुर्दचं पहिलंच सरपंचपद अनुसूचित जातीच्या महिलेसाठी निघालं. सदस्यांनी कौसल्याबाई बनसोडेंना निवडलं. बाई बौद्धवस्तीतल्या, सातवी शिकलेल्या, अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम केलेल्या. तात्यांना वाटलं, चांगलं झालं, बाई सही करील आणि शिक्का आपल्याच कपाटात राहील. पहिल्याच आठवड्यात कौसल्याबाई तात्यांच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तात्या, शिक्का न्यायला आलीया."

त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत निवडणुकीवर हरकत दाखल झाली.

हरकत वाचून आमच्या कचेरीत आधी सगळे हसले. तात्यांच्या वकिलाने पुण्याहून विलीनीकरणाच्या वेळचं जुनं राजपत्र मिळवलं होतं. संस्थानातून जिल्ह्यात आलेल्या गावांची यादी त्यात होती, आणि त्या यादीत लिहिलं होतं, तरवडे बु. वकिलाचं म्हणणं असं: बुद्रुक तर आधीपासूनच सरकारी मुलखात होतं, त्याला विलीन करायचा प्रश्नच नव्हता. खुर्दचं नाव यादीत नाही. म्हणजे खुर्द कायद्याने कधी विलीनच झालं नाही. जे गाव जिल्ह्यात आलंच नाही तिथे ग्रामपंचायत स्थापन करायचा जिल्ह्याला अधिकार नाही. ग्रामपंचायत नाही, तर सरपंचही नाही. जुनी एकत्र ग्रामपंचायत मात्र बुद्रुकच्या नावाची होती, सबब ती कायम.

एका अक्षराचा घोळ होता तो. कुणा कारकुनाने 'खु.' लिहिताना किंवा उतरवताना 'बु.' केलं, आणि छापणाऱ्याने ते छापलं. पण राजपत्रात छापलं गेलं की चूकही सरकारी होते. प्रकरण चौकशीसाठी बारामतीला प्रांतसाहेबांपुढे गेलं आणि ग्रामसेवकाने अंग काढून घेतलं. बौद्धवस्तीत नळ नव्हता. तो आणायचा ठराव कौसल्याबाईंनी पहिल्याच सभेत करून घेतला होता, तो 'प्रकरण निर्णयाधीन' असा शेरा मारून परत आला. वस्तीतल्या बाया पहिल्यासारख्याच ओढ्यावरून पाणी आणत राहिल्या. गावात थट्टा सुरू झाली. लासुर्ण्याच्या बाजाराला निघालेला माणूस दुसऱ्याला विचारायचा, "पासपोर्ट घेतलास का?" कौसल्याबाईंना कोणी 'संस्थानच्या राणीसाहेब' म्हटलं की त्या म्हणायच्या, "व्हय, मग मुजरा करा."

पहिल्यांदा त्या माझ्याकडे आल्या तेव्हा उन्हात सायकलवरून आल्या होत्या. पाणी पिऊन त्यांनी सरळ विचारलं, "भाऊसाहेब, चूक सरकारची हाय. मग सरकारनं ती दुरुस्त केली आसंल की न्हाय?"

प्रश्न अगदी बरोबर होता. अशी चूक लक्षात आली की सरकार शुद्धिपत्रक काढतं, आणि त्याची प्रत तालुक्याला येते. मी रुमाल सोडायला घेतले. आठ दिवस शोधत होतो. राजपत्राच्या जुन्या अंकांसाठी पुण्याला पत्र पाठवलं. उत्तर आलं, की त्या वर्षाचा बांधीव खंड उपलब्ध नाही. शेवटी मी नष्ट केलेल्या कागदांची नोंदवही उघडली. ती उघडायचं मी मुद्दाम टाळत होतो, हे आता कबूल करतो.

नोंद होती, हुकुमाच्या क्रमांकासकट. 'विलीनीकरण हुकूम, शुद्धिपत्रक, तरवडे. पांढरा रुमाल. नष्ट केले.' आणि पुढे सही. माझी.

नोकरीला लागून मला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. जागा करायची म्हणून साहेबांनी वर्षानुवर्षं साचलेले पांढरे रुमाल काढायला सांगितले होते. कायम जपायचा कागद कुणीतरी फार पूर्वी चुकून पांढऱ्या रुमालात बांधला होता. नष्ट करण्याआधी प्रत्येक रुमाल सोडून बघायचा असा नियम आहे. मी तो सोडला नाही. वरची चिठ्ठी वाचली, सही केली आणि पुढचा घेतला. त्या दिवशी मी असे किती रुमाल न सोडता पाठवले ते मला आठवत नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते आठवून बघायचंही नाही.

कौसल्याबाई पुढच्या वेळी आल्या तेव्हा मी नोंदवही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी बोट फिरवत ओळ वाचली. सहीवर बोट थांबलं.

"ही कुणाची?"

"माझी."

त्यांनी वही माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "सायबाला दावशीला ही वही?"

"दाखवीन. पण ताई, तेवढ्याने भागणार नाही. नुसतं 'तरवडे' लिहिलंय. खु. की बु., ते इथेही नाही."

"मग दुसरा कागद शोदा," त्या म्हणाल्या. "तुमीच हारवलाय, तुमीच शोदा. मी मंगळवारी येते."

आणि खरोखर दर मंगळवारी येऊ लागल्या. कागद मिळाला का विचारायच्या, नाही म्हटलं की बाहेरच्या बाकावर तासभर बसायच्या, आणि जायच्या. मला त्या बसण्याचा राग यायचा. पण त्या बाकावर कोणी बसलेलं असताना हातावर हात ठेवून बसणं मला जमेना.

माझ्या आधीच्या रेकॉर्डकीपरनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक मोडी वाचायला. दुसरी म्हणजे, कागद कुठे असायला हवा ते शोधू नकोस, चूक करणाऱ्याने तो कुठे ठेवला असेल ते शोध. मी विचार केला, गाव एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलं म्हणजे प्रत्यक्षात काय आलं? जमीन तर जागची हलली नाही. आलं ते गावाचं दप्तर. कोणीतरी ते उचलून इंदापूरला आणलं असणार, इथे कोणीतरी ते मोजून घेतलं असणार, आणि मोजून घेतल्याची पावती असणार. खुर्दच्या रुमालांत ती नव्हती. पण 'खु.'चं 'बु.' वाचणारा माणूस तेव्हा एकच असेल कशावरून? मी बुद्रुकचे लाल रुमाल सोडायला सुरुवात केली.

तिसऱ्या रुमालात पावती मिळाली. मोडीतली, एका पानाची. मी ती उभ्यानेच वाचली. विलीनीकरणाच्या त्याच हुकुमाचा क्रमांक वर होता. खाली असं होतं:

'सदर हुकुमान्वयें मौजे तरवडे खुर्द येथील गावदप्तर रुमाल सात व गावचा शिक्का येक, धोंड्या वल्द भिक्या महार, वेसकर मौजे मजकूर, याणें डोईवर आणून मामलेदार कचेरी इंदापूर येथें जमा केला. मोजून घेतला. निशाणी आंगठा.'

'खुर्द' पूर्ण लिहिलं होतं. चारही बाजूंनी बघितलं तरी त्याचं बुद्रुक होत नव्हतं. मी चहा मागवला, शेजारच्या टेबलावर रोकड सांभाळणाऱ्या नाझरांनाही पाजला, आणि दुपारची एसटी धरून थेट तरवड्याला गेलो. ते ओझं आणणाऱ्या वेसकराचं, म्हणजे वेशीची राखण करणाऱ्या गावकामगाराचं, नाव मी वाचलं होतं, पण त्याचा विचार मुळीच केला नव्हता. 'खुर्द'च्या आनंदात मला बाकीची ओळ जाणवलीच नव्हती.

कौसल्याबाईंच्या अंगणात त्यांचे सासरे नामदेवआबा बाजेवर बसले होते. आबा कारखान्यात फिटर म्हणून निवृत्त झालेले, स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला पेन. मी मोठ्या उत्साहाने पावतीचा देवनागरीत केलेला उतारा वाचून दाखवला. 'धोंड्या' शब्दाशी आलो आणि आबांचा चेहरा बघून माझा आवाज आपोआप खाली आला.

"माजा बा हाय त्यो," आबा म्हणाले. "धोंडीबा."

मी म्हटलं, "मग तर फारच चांगलं झालं आबा, तुमच्याच घरातल्या माणसाने गाव..."

"काय चांगलं झालं?" आबांचा आवाज चढला. "येसकरकी करत हुता त्यो. सायबाच्या घोड्याम्होरं पळत हुता. दप्तर डोक्यावं, आन् भाकरी मागून. छप्पन साली आमी दीक्षा घेतली तवा येसकराची काठी म्या सोता नीरंत टाकली. बाला म्हनलो, आता तुला कुनी धोंड्या म्हननार न्हाय. मरस्तवर कुनी म्हनलं न्हाय त्याला. आन् आता तुमी बारामतीच्या कचेरीत, तात्याच्या म्होरं, त्यो कागद वाचनार?"

मी म्हटलं, "आबा, मग सरपंचपद जाईल. नळ जाईल."

"जाऊ द्या. पानी आणत आलोय, आणू."

कौसल्याबाई चुलीपाशी होत्या. मला एसटीपर्यंत सोडायला आल्या तेव्हा वाटेत म्हणाल्या, "भाऊसाहेब, नकलंत नाव बदलता येतं का? धोंड्याच्या जागी धोंडीबा?"

"नाही ताई. एक अक्षर बदललं तर सगळा कागद खोटा ठरेल."

"एक आकशार तुमच्या सरकारनं बदललं तवा न्हाय ठरला खोटा," त्या म्हणाल्या. मला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती. आबा आपल्या बापाचं नाव जपत होते आणि मी त्यांच्यापुढे पाण्याच्या नळाचा हिशेब मांडत होतो.

पुढच्या मंगळवारी बाकावर दोघं होती. आबा आत आले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "मला खरा कागद दावा. नक्कल नगं."

मूळ कागद पक्षकाराच्या हातात द्यायचा नाही हा नियम मी आयुष्यभर पाळला आणि त्या दिवशी मोडला. आबांनी चष्मा लावला. मोडी त्यांना येत नव्हती. अक्षरांवरून नजर फिरवून ते खाली थांबले. तिथे अंगठ्याची निशाणी होती, फिकट निळी. मधोमध एक आडवी रेघ होती, जखमेची.

"कोयता लागला हुता," आबा म्हणाले. "ऊस तोडताना. म्या ल्हान हुतो." ते कितीतरी वेळ तिकडे बघत राहिले. मग सुनेकडे वळून म्हणाले, "वरचं नाव त्यांनी लिवलंय. ह्यो आंगठा बाचा हाय."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला, सरळ केला.

"वाचायचा आसंल तर तू वाच," ते कौसल्याबाईंना म्हणाले. "वकिलाच्या तोंडातनं मला त्ये नाव आयकायचं न्हाय."

सुनावणीच्या दिवशी प्रांतसाहेबांची खोली भरली होती. साहेब वयाने तरुण होते, पण कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. एका बाजूला तात्या आणि त्यांचे वकील, दुसऱ्या बाजूला कौसल्याबाई, वकील न देता. आबा दाराजवळच्या खुर्चीवर. मी आधी नोंदवही पुढे केली.

साहेबांनी विचारलं, "शुद्धिपत्रक कायम जपायचं असतं. नष्ट कुणी केलं?"

"मी केलं साहेब. रुमाल न सोडता सही केली."

"हे लेखी द्याल?"

"आणलंय."

वकील खूश झाले. ते लगेच उभे राहून म्हणाले, की ज्या कर्मचाऱ्याने स्वतः निष्काळजीपणा कबूल केला आहे त्याच्या नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा, आणि शिवाय नोंदीत खुर्द नाहीच. दोन्ही मुद्दे बिनतोड होते. मी मान खाली घालून बसलो. मग कौसल्याबाई उठल्या. मी केलेला उतारा त्यांच्या हातात होता आणि मूळ पावती साहेबांपुढे. त्यांनी एकेक शब्द सावकाश वाचला. मौजे तरवडे खुर्द. रुमाल सात. शिक्का एक.

"धोंडीबा भिकाजी बनसोडे," त्या म्हणाल्या, "यांनी डोक्यावर आणून..."

"हरकत आहे!" वकील पुन्हा उभे. "साहेब, बाई कागद बदलून वाचतायत. उताऱ्यात असं नाही. उताऱ्यात आहे धों..."

"थांबा," कौसल्याबाई म्हणाल्या. खोलीत एवढ्या मोठ्याने तोवर कोणी बोललं नव्हतं. "कागदात काय लिवलंय त्ये मला ठावं हाय. सायबाला दिसतंय. लिवनाऱ्यानं लिवलं. पर त्यो माजा आजेसासरा हाय, मी त्याला त्याच्या नावानंच हाक मारनार. वकीलसायेब, तुमी तुमच्या आज्याला काय म्हनता?"

वकिलांनी तात्यांकडे बघितलं. तात्या पंख्याकडे बघत होते. साहेब माझ्याकडे वळले. "रेकॉर्डकीपर, मूळ कागदात काय शब्द आहे?"

त्या एका क्षणात माझ्या मनात खोटं बोलायचं येऊन गेलं, हे लपवत नाही. पण मी तिथे कागदाच्या वतीने उभा होतो. माझ्या खोटेपणाने बाईचा खरेपणा बुडाला असता.

"धोंड्या आहे साहेब," मी म्हणालो. "जसं त्या काळी अशा माणसांना लिहायचे तसं लिहिलंय. आणि गावाचं नाव 'खुर्द' पूर्ण अक्षरी आहे. हुकुमाचा क्रमांक यादीतल्या हुकुमाचाच आहे."

साहेबांनी भिंग मागवलं. राजपत्र, नोंदवही आणि पावती शेजारी शेजारी ठेवून त्यांनी तिन्हींचे क्रमांक ताडून बघितले. मग त्यांनी वकिलांना एकच प्रश्न विचारला. या हुकुमाखाली जर बुद्रुक विलीन झालं असेल, तर खुर्दचा शिक्का आणि सात रुमाल इंदापूरला कशाला आणले? वकील म्हणाले, ती केवळ प्रशासकीय सोय असावी. साहेब म्हणाले, "कुणाची सोय? आणणाऱ्याची तर नव्हती." त्यांनी लघुलेखकाला बोलावलं आणि तिथेच निष्कर्ष सांगायला सुरुवात केली. यादीतील 'बु.' हा 'खु.'चा लेखनदोष असून तो त्याच वेळी दुरुस्त झाल्याचं नोंदवहीवरून आणि पावतीवरून एकत्रितपणे सिद्ध होतं. मौजे तरवडे खुर्द हे गाव विलीनीकरणापासून याच जिल्ह्यात आहे. "सदर गावाचे दप्तर श्री. धोंडीबा भिकाजी बनसोडे यांनी," साहेब सांगत होते आणि लघुलेखक लिहीत होता, "स्वतः वाहून आणून शासनाच्या ताब्यात दिले."

आबांनी चष्मा काढून पुसला. दुसरं काही केलं नाही. मी मात्र बाहेर गेलो आणि नळाखाली तोंड धुतलं.

माझ्याबद्दलचा परिच्छेद त्याच आदेशात शेवटी होता. निष्काळजीपणाबद्दल सेवापुस्तकात ठपका. तो अजून तिथे आहे आणि योग्य आहे. निवृत्तीच्या समारंभात तेव्हाच्या तहसीलदारांनी माझी 'निष्कलंक सेवा' असा उल्लेख केला तेव्हा मी उभा राहून ते दुरुस्त केलं. लोकांना वाटलं मी विनोद करतोय.

सुनावणी संपल्यावर आम्ही पायऱ्यांवर उभे होतो. बारामती-इंदापूर गाडीला वेळ होता. तात्या वकिलांबरोबर बाहेर आले. पांढरी टोपी सारखी करत ते कौसल्याबाईंसमोर थांबले. इतक्या माणसांसमोर नुसतं निघून जाणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"हे संपलं न्हाय," तात्या म्हणाले. "आमी पुण्याला जानार. मंबईला जानार. आपील करनार."

"करा की तात्या," कौसल्याबाई म्हणाल्या. "पर आपिलाला रहिवासी दाखला लागतो. तरवडे खुर्दचा. उद्या सकाळी धाला या आपिसात, मी सही करून ठेवते."